पाचव्या टेबलाचा वेग

गंगाखेडला भुजंग मास्तरांच्या टंकलेखन वर्गात पाचव्या टेबलावर जो कोणी नेमाने बसे, त्याचा मराठीचा वेग मिनिटाला अठ्ठावीस शब्दांवर येऊन थांबे. बाविसावर असलेला चढत चढत अठ्ठावीसपर्यंत येई, तेहतिसावर असलेला उतरत उतरत अठ्ठावीसपर्यंत येई, आणि तिथून पुढे दोघेही हलत नसत. चुका मात्र जवळजवळ नाहीशा होत.

मनकर्णाला ही गोष्ट कळली तेव्हा तिला त्या टेबलावर बसून सहा महिने होऊन गेले होते.

ती पाटबंधारे खात्याच्या उपविभागात कनिष्ठ लिपिक होती. खुर्ची आधी तिच्या नवऱ्याची, सुग्रीवची. सुग्रीव पंचाऐंशीच्या पावसाळ्यात काविळीने गेला आणि खात्याने अनुकंपा म्हणून त्याच्या जागेवर तिला घेतले. अट एकच होती: दोन वर्षांच्या आत मिनिटाला तीस शब्दांची सरकारी टंकलेखन परीक्षा पास व्हायचे, नाहीतर नेमणूक संपली. नेमणूक संपली म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सासू धुरपदाबाईंना घेऊन राणीसावरगावला दिराच्या घरी जायचे, आणि दिवाळीनंतर दीर-जाऊ ऊसतोडीला निघाले की मागे त्यांची पोरे आणि ढोरे सांभाळायची. तिची जाऊ वाईट नव्हती. पण बोरीसारख्या गावातून निघून, परभणीला मावशीकडे राहून, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला शेवटी शेणाच्या गोवऱ्याच थापायच्या असतील, तर प्रयोगशाळेत घालवलेली तीन वर्षे कोणत्या खात्यावर टाकायची, असा प्रश्न तिला अधूनमधून पडे.

पहिल्या परीक्षेत तिचा वेग पुरेसा होता, पण चुकांनी घात केला. तेव्हा मास्तरांनी तिला पाचव्या टेबलावर बसवले. चुका फार करणाऱ्याला पाचवर बसवायचे, हा त्यांचा जुना रिवाज होता. का, असे विचारले तर ते म्हणत की कोपरा आहे, लक्ष विचलित होत नाही; आणि गुण आला की वैद्याला कोणी पाळेमुळे विचारत नाही. गुण खरोखरच आला. तिच्या बोटांना एक चाल लागली. डावी करंगळी जी नेहमी उशिरा पडायची ती वेळेवर पडू लागली, आणि कागद स्वच्छ उतरू लागले.

दुसरी परीक्षा परभणीच्या केंद्रावर झाली. आसपासच्या वर्गांनी आपापली यंत्रे टेम्पोत घालून आणली होती, आणि मनकर्णाच्या वाट्याला जिंतूरकडच्या कुठल्याशा वर्गाचे अनोळखी यंत्र आले. एका दालनात चाळीस यंत्रे एकदम सुरू झाली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कल्लोळ होतो. त्या कल्लोळात तिची बोटे आपल्याच चालीने चालली. मध्ये तिने त्यांना रेटून पाहिले. ती दोन शब्द रेटली आणि पुन्हा मूळ चालीवर आली, जसा झोपेत कूस बदललेला माणूस पुन्हा आपल्या जागी येतो. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा उताऱ्यात एकही चूक नव्हती, आणि शेवटची एक ओळ राहिली होती.

नापास झाल्यानंतरच्या आठवड्यात वर्गातला नागनाथ, जो पोलीस भरतीत उंचीने मागे पडल्यामुळे टंकलेखनाकडे वळला होता, तिच्याजवळ येऊन घुटमळला.

"वहिनी, एक बोलू का? राग मानू नका. तुमी त्या टेबलावरून उठा."

"का?"

"तिथं बसलेला कोणीच अठ्ठाविसाच्या म्होरं जाईना. सुग्रीवभाऊ बी तिथंच बसायचे. त्यांचा वेग तेवढाच ऱ्हायला, आन् आता ते दुसऱ्या कुणाला पुढं जाऊ देईनात, असं पोरं म्हणायलेत. मी न्हाई म्हणत."

"तू पोरांत नाहीस का?"

"हाय की. पण मी मागं बसतो."

मनकर्णाने मास्तरांना विचारले. भुजंग मास्तरांना आपल्या विद्यार्थ्यांचे वेग नातवंडांच्या वयासारखे पाठ असत. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि मग कबूल केले की होय, सुग्रीव पाचवरच बसायचा, चुका फार करायचा म्हणून त्यांनीच बसवला होता; आणि त्याचा वेग अठ्ठावीस होता. परीक्षेला त्याची शेवटची एक ओळ राहिली होती.

सुग्रीव परीक्षेत नापास झाला हे तिला माहीत होते. कोणती ओळ राहिली हे तिने कधी विचारले नव्हते आणि त्याने कधी सांगितले नव्हते.

माहीत नसणे आणि भूत असणे यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा असते, हे मनकर्णा शिकली होती. ती जागा ओलांडायची तिची तयारी नव्हती. तिने पद्धतशीर सुरुवात केली. आधी यंत्र. पाचव्या टेबलावरचे यंत्र तिने दुसऱ्या टेबलावर नेले आणि दुसऱ्यावरचे पाचवर आणले. आणलेल्या यंत्रावर तिचा वेग अठ्ठावीस भरला. मास्तरांनी सांगितले की पाचवरचे मूळ यंत्र तर त्यांनी कधीच भंगारात काढले होते. सुग्रीव बसायचा ते यंत्र हे नव्हेच. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता.

मग जागा. ती आठवडाभर दुसऱ्या टेबलावर बसली. तिथेही अठ्ठावीस. परभणीच्या केंद्रावरही अठ्ठावीसच होते, आणि ते केंद्र इथून कितीतरी कोसांवर. म्हणजे दोष जागेचाही नव्हता, निदान नुसत्या जागेचा नव्हता. यंत्र वजा केले, जागा वजा केली, की बाकी ती स्वतः उरत होती. हे उत्तर तिला मुळीच आवडले नाही. वजाबाकीत चूक असते ती बहुधा न मांडलेल्या आकड्यात असते, असे तिने स्वतःला सांगितले आणि पुन्हा पाचवर जाऊन बसली. निदान तिथे चुका तरी होत नव्हत्या.

तोवर वर्गाची वागणूक बदलली होती. ती टाइप करू लागली की बाकीच्यांची यंत्रे एकेक करून थांबत. कोणी कागद बदलण्याचे निमित्त करी, कोणी रिबन पाही. त्या शांततेत तिच्या कळांचा आवाज एकटाच येत राही: एकसारखा, मधल्या अंतरात केसाचाही फरक नाही, बाईमाणूस टाइप करत नसून भिंतीवरचे घड्याळ चालले आहे असा. मनकर्णाला स्वतःलाच तो आवाज आपला वाटेनासा झाला. एकदा तिने मध्येच हात उचलला आणि क्षणभर तिला वाटले की ठोका तरीही पडला. टेबलाच्या फळीवर ठेवलेल्या तळव्याला तो कळला, कानाला नाही. तिने तळवा फळीवरून काढला आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

घर म्हणजे नदीकडच्या गल्लीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. धुरपदाबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस आकारावरून कळे, चेहरा नाही. तरी त्या स्वस्थ बसत नसत. हल्ली त्यांना दळणाचे भारी वेड लागले होते. डब्यात आठवड्याचे पीठ असले तरी शेर-दोन शेर ज्वारी पदरात घालून चक्कीवर जात आणि तासाभराने परत येत. मनकर्णाने एकदा विचारले, तर ताज्या पिठाची भाकर मऊ होती, एवढेच म्हणाल्या.

एका संध्याकाळी मनकर्णा जेवणाआधी तूर निवडत होती. निवडून झाली आणि सूप मांडीवर तसेच राहिले. परीक्षेचा विचार डोक्यात चालू होता. बोटे सुपाच्या पाठीवर पडत होती, हे तिला माहीत नव्हते.

चुलीजवळून धुरपदाबाईंनी हाक दिली. "सुग्रीवा, हात धुऊन घे. भाकरी झाल्यात."

मनकर्णाची बोटे सुपावर जागच्या जागी थिजली. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली.

"आत्याबाई, मी हाय."

"ठाव हाय मला तू हायस. डोळे गेलेत, डोस्कं न्हाई गेलं." म्हातारीने तव्यावरची भाकर उलथली. "तो असाच वाजवायचा. ताटावर, पाटावर, चावडीच्या खांबावर. टायपिंगला जायला लागला तवापासनं. मी लय बोलायची त्याला, अवदसा वाजवतोस म्हणायची." मग म्हणाली, "पुन्हा वाजव."

मनकर्णाने वाजवले. आपण काय करत आहोत हे पुरते समजून तिने वाजवले, आणि जे वाजले ते मघासारखेच निघाले. चुलीच्या उजेडात धुरपदाबाईंची मान त्या तालावर हलकेच हलत होती. मनकर्णाच्या हातांवर काटा उभा राहिला तो जेवण होऊन भांडी विसळेपर्यंत बसला नाही.

त्यानंतर ते रोजचेच झाले. जेवणाआधी म्हातारी सूप पुढे सरकवी. पंधरवड्याने मनकर्णाने सांगून पाहिले की तिचा विचार पाचवे टेबल कायमचे सोडून द्यायचा आहे. शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, आता जोखीम नको. धुरपदाबाईंनी सगळे ऐकून घेतले. नोकरी गेली तर काय होईल हे त्यांना सुनेपेक्षा जास्त ठाऊक होते. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या मागे राहणे त्यांनी जन्मभर केले होते.

"बदल बाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या भाकरीचा सवाल हाय." आणि सूप उचलून खुंटीला अडकवताना पाठमोऱ्याच बोलल्या, "त्यो एकटा पडंल, एवढंच."

मनकर्णाने टेबल बदलले नाही. का बदलले नाही, याचे तिच्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हते, आणि हीच गोष्ट तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त घाबरवत होती.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या नामांतराच्या वादावरून बंद पुकारला गेला. मराठवाड्यात अशा बंदची लोकांना सवय झाली होती. बाजार, गाड्या, कचेऱ्या, सगळे थंड. मास्तर मात्र वर्गाच्या आवारातच राहत. परीक्षा जवळ आलेल्यांचा एक दिवसही वाया जाऊ नये म्हणून त्यांनी चौघापाच जणांना मागच्या दाराने आत घेतले आणि पुढची दारे लावून दिवा पेटवला. रस्त्यावर कुत्रे भुंकले तरी दचकावे इतके गाव शांत होते.

मास्तरांनी परीक्षेच्या मापाचा उतारा दिला, घड्याळ हातात घेतले आणि 'सुरू' म्हणाले. मनकर्णाने डोळे कागदावर ठेवले. पहिल्या दोन ओळी सवयीच्या चालीने गेल्या. तिसऱ्या ओळीत काहीतरी सुटल्यासारखे झाले. चालत्या माणसाच्या पायाखालची पायरी अचानक नाहीशी व्हावी तसे. बोटे अडखळली, दोन चुका झाल्या, आणि मग ती पळू लागली. उतारा संपला. तिने वर पाहिले तर मास्तर अजून घड्याळाकडे बघत होते.

त्यांनी ठोके मोजले, पुन्हा मोजले, घड्याळ कानाला लावून पाहिले. वेग चौतीस भरला होता.

दिव्याची काजळी काचेवर चढत होती. नागनाथ मागच्या टेबलावरून हळूच म्हणाला, "आज सुग्रीवभाऊंनी बी बंद पाळला म्हणायचा."

एक मुलगी हसली आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला. मनकर्णा हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, पुढची दारे उघडली, आणि पाचव्या टेबलावर तिचा वेग पुन्हा अठ्ठावीस भरला.

नागनाथचे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. त्याने ते थट्टेत म्हटले होते, पण त्यात एक रास्त प्रश्न दडलेला होता. त्या दिवशी बंद कोणी कोणी पाळला होता? यंत्र तेच होते, जागा तीच, ती तीच. तिच्या वजाबाकीत न मांडलेला आकडा हा होता: वर्ग चालू असताना कधीही बंद न राहणारी, पण त्या एका दिवशी बंद राहिलेली अशी गोष्ट कोणती?

आणि मग वर्गातच बसल्या जागी तिला ती ऐकू आली. भिंतीपलीकडे लिंबाजीची पिठाची चक्की चालू होती.

ती इमारत निजामाच्या काळातली कापसाची वखार होती. पुढे मालकाने मधोमध विटांची भिंत घालून तिचे दोन गाळे केले. अलीकडच्यात मास्तरांचा वर्ग, पलीकडच्यात चक्की. चक्कीचे डिझेल इंजिन सकाळी धडधडू लागे ते दिवेलागणीपर्यंत, आणि नदीकाठी राहणाऱ्याला जसा पाण्याचा आवाज ऐकू येत नाही, तसा वर्गात कोणाला तो ऐकू येत नसे. सोमवारी मालक आवाराचे फाटकच लावून टाकी. तेव्हा चक्की बंद असे आणि वर्गही बंद असे. चक्की थांबलेली असताना पाचव्या टेबलावर कोणी बसले आहे, असा दिवस बंदच्या आधी कधी आलाच नव्हता.

मनकर्णा उठली आणि आवाराला वळसा घालून चक्कीत गेली.

आत पिठाचा धुरळा होता आणि त्यात चारपाच बायका आपापल्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. भिंतीला लागून जमिनीवर एक जाड सागवानी ओंडका आडवा पडलेला होता. वखारीच्या काळात कापसाच्या गाठींना जमिनीची ओल लागू नये म्हणून त्या अशा ओंडक्यांवर रचत. भिंत घालणाऱ्या गवंड्याने तो काढण्याची दगदग केली नव्हती, त्याच्यावरूनच विटा चढवल्या होत्या. ओंडक्याच्या या टोकावर चक्कीच्या दांड्याचे बेरिंग बोल्टांनी आवळून बसवले होते. आणि बेरिंगपासून हातभर अंतरावर, त्याच ओंडक्यावर, पदरात शेरभर ज्वारी घेऊन धुरपदाबाई बसल्या होत्या. डोळे मिटलेले होते. उजव्या हाताची बोटे मांडीवर पडत होती.

मनकर्णा त्यांच्या शेजारी खाली बसली आणि तिने तळवा लाकडावर ठेवला.

ठोका तिथे होता. कानाने ऐकायला गेले तर इंजिनाच्या धडधडीत तो सापडत नव्हता. हाताला मात्र चटकन सापडत होता. तिने मनगटावरचे घड्याळ पाहून एक मिनिट ठोके मोजले. एकशे चाळीस. टंकलेखनात पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. तिला भागाकार करावा लागला नाही.

"तू हायस व्हय," धुरपदाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तुझ्या वर्गाचीच भिंत हाय ही. म्हणून बसते. इथं बसलं की बरं वाटतंय."

"रोज येता ते याच्यासाठी?"

म्हातारीने पदरातली ज्वारी सावरून घेतली.

मनकर्णाने लिंबाजीला विचारले की इंजिन थोडा वेळ बंद करता येईल का. लिंबाजीने, माणूस देवळात चपला घालून आला असता जसे पाहिले असते तसे, तिच्याकडे पाहिले. चालू दळणात इंजिन कशापायी थांबवायचे, नंबर लागलेत. बायकाही कुरकुरल्या. तेव्हा धुरपदाबाईच म्हणाल्या, "थांबव रे लिंबाजी. माझी सून शिकलेली हाय, उगा न्हाई म्हणायची."

इंजिन बंद झाले. चाक जडपणाने फिरत राहिले आणि पट्टा त्याच्यावरून संथ होत गेला, तसा मनकर्णाला दिसला तो पट्ट्याचा सांधा. तुटलेला पट्टा फार वर्षांपूर्वी चामड्याच्या वादीने शिवून जोडला होता आणि ती शिवण बोटभर जाड होती. प्रत्येक फेऱ्याला ती दांड्यावरच्या चाकावर चढे आणि बेरिंगला एक धक्का बसे. ओंडक्यातला ठोका लांबत गेला. धुरपदाबाईंचे बोट मांडीवर त्याच्यासोबत लांबत गेले. शिवण शेवटची एकदा वर आली, अर्ध्यात थबकली, आणि पट्टा थांबला.

म्हातारीचे बोटही थांबले. तिने डोळे उघडले आणि जिकडे पट्टा होता तिकडे, तिला दिसत नव्हते तरी, पाहिले.

"थांबला," ती म्हणाली.

"आत्याबाई, तो पट्टा होता."

"कळलं मला." ती उठली. पदरातली ज्वारी तिने पाटीत ओतली. लिंबाजीने इंजिनाला हँडल मारले, धडधड पुन्हा सुरू झाली, पण म्हातारी ओंडक्यावर परत बसली नाही. दळण होईपर्यंत दाराशी उन्हात उभी राहिली. तिथून पुढे ती आठवड्यातून एकदाच चक्कीवर जाऊ लागली.

कारण सापडले म्हणून बोटे सुधारत नाहीत. चाल बोटांत मुरली होती आणि ती काढायला दुसरी चाल घालावी लागणार होती. मनकर्णा पाचवे टेबल सोडून भिंतीपासून दूरच्या आठव्यावर बसू लागली. रात्रीच्या जेवणाआधी सूप आता पुढे येत नसे. त्याऐवजी धुरपदाबाईंनी एक दिवस ताट उलटे घातले, पळी हातात घेतली आणि लग्नाच्या वरातीतल्या ताशासारखी चढी लय धरली.

"ह्ये घे," त्या म्हणाल्या. "ह्याच्या मागं न्हाई, म्होरं पळ."

मनकर्णा पाटावर बोटे ठेवून त्या लयीमागे धावे. पहिल्या आठवड्यात ती सारखी घसरून जुन्या चालीवर येई, आणि आली की म्हातारीला पाटाच्या आवाजावरून तत्काळ कळे. त्या पळी थांबवत, क्षणभर गप्प बसत, आणि मग आणखी चढ्या लयीत सुरू करत. त्या क्षणभराबद्दल दोघींपैकी कोणी कधी बोलले नाही. चुका पुन्हा होऊ लागल्या होत्या, त्या मनकर्णाने रोजच्या सरावाने, एकेका बोटाचा हिशेब धरून, मोडून काढल्या. त्याला दुसरा उपाय नव्हता, आणि खरे तर पूर्वीही नव्हताच.

तिसऱ्या परीक्षेत उतारा संपला तेव्हा घंटा व्हायची होती. तिने शेवटची ओळ एकदा वाचून पाहिली. निकाल लागला त्यात तिचा नंबर होता, आणि नेमणूक कायम झाली.

भुजंग मास्तरांना दुसरीच काळजी होती. पाचव्या टेबलावर आता कोणी बसायलाच तयार नव्हते. त्यांनी मनकर्णाला बोलावून सांगितले की काय असेल ते पोरांना एकदा नीट सांगून टाक. तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि सांगितले. नागनाथने मध्येच विचारले की मग सुग्रीवभाऊ? तिने त्याला थांबायला सांगून आधी बाकीचे पुरे केले.

कारण असे होते. वर्गातल्या कोपऱ्यात, भिंतीखालून अलीकडे आलेल्या सागवानी ओंडक्यावर पाचव्या टेबलाचे मागचे दोन पाय टेकलेले होते आणि पुढच्या पायांखाली उंचीसाठी विटा होत्या. त्याच ओंडक्याच्या पलीकडच्या टोकावर चक्कीचे बेरिंग होते. पट्ट्याच्या शिवणीचा धक्का प्रत्येक फेऱ्याला, मिनिटाला एकशे चाळीस वेळा, लाकडातून टेबलाच्या फळीत आणि फळीवर टेकलेल्या तळव्यात येई. इंजिनाचा वेग बदलत नसल्यामुळे हा ठोकाही बदलत नसे. एकसारखा ठोका मिळाल्यामुळे बोटे समान अंतराने पडत आणि चुका कमी होत. आणि त्याच ठोक्याला बांधली गेल्यामुळे वेग अठ्ठाविसावर अडके. काही महिन्यांच्या सरावाने ही चाल हातात पक्की बसे आणि मग टेबल, यंत्र किंवा गाव बदलूनही ती सुटत नसे. फक्त पाचव्या टेबलावर तळव्याला ठोक्याची अपेक्षा असे, आणि बंदच्या दिवशी तो आलाच नाही म्हणून तेवढ्यापुरती चाल तुटली. सुग्रीव त्या टेबलावर बसत असे, एवढाच त्याचा संबंध होता.